डेबियनच्या पॅकेज-वर्णनातली स्पेलिंगची चूक कशी दुरुस्त करून घ्यावी

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणक-प्रणाली. तिच्यातलं सॉफ्टवेअर पॅकेजच्या, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार गठ्ठ्याच्या रूपात मिळतं, आणि प्रत्येक पॅकेजला एक वर्णन असतं. वर एका ओळीचा सारांश आणि खाली एक-दोन परिच्छेद: हे सॉफ्टवेअर काय करतं, कोणाच्या कामाचं आहे, सोबत आणखी काय लागेल. इन्स्टॉल करावं की नाही हे ठरवताना माणूस हेच वाचतो, आणि शोध घेणारी कमांडही हेच वाचते. 'एपीटी सर्च' पॅकेजची नावं आणि वर्णनं अक्षर न अक्षर जुळवून पाहते. 'तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का' असं ती विचारत नाही. वर्णनात 'कॉम्प्रेशन' या शब्दातला एक 'एस' गळला असेल आणि तो शब्द दुसरीकडे कुठे बरोबर आला नसेल, तर फायली लहान करणारं साधन शोधणाऱ्यासमोर ते पॅकेज येणारच नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं खपून लिहिलेला प्रोग्रॅम, दुसऱ्या कोणीतरी मेहनतीनं बांधलेलं पॅकेज, आणि एका अक्षरापायी ते यादीबाहेर. म्हणून ही दुरुस्ती मी किरकोळ मानत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात नव्यानं येणाऱ्याला पहिलं काम म्हणून मी हेच सुचवतो.

यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. इंग्रजी लक्ष देऊन वाचता यावं, एक ईमेल पत्ता असावा आणि डेबियन चालणारा एखादा संगणक असावा, मग तो व्हर्च्युअल मशीनमधला असला तरी चालेल. डेबियनच का, तर इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात सगळं उघड्यावर चालतं. कोणती चूक कोणी कळवली, मेंटेनरनं, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्यानं, काय उत्तर दिलं, केव्हा दुरुस्त झाली, हे कोणीही वाचू शकतं. शिवाय उबंटू या दुसऱ्या लिनक्स-प्रणालीतली बहुतेक पॅकेजेस डेबियनमधूनच जातात आणि लिनक्स मिंट उबंटूवर उभं आहे, त्यामुळे इथे बदललेलं अक्षर पुढे लांबवर पोचतं. वाचायला मजकूरही कमी नाही. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्येच ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती.

कमांड आणि फायलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. अक्षर बदलणं हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. खरं काम आहे ते वाक्य नेमकं कोणत्या फायलीत राहतं हे शोधणं. तुम्हाला जिथे चूक दिसली तिथेच ती झालेली असेल असं नाही.

आधी मूळ मजकूर पाहा

टर्मिनल उघडा, 'एपीटी शो' आणि पुढे पॅकेजचं नाव लिहा. बरीच माहिती येईल. 'डिस्क्रिप्शन' या शब्दापासून पुढचं आपलं. संगणकाची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी ठेवली असेल तर इथे अनुवादित वर्णन दिसू शकतं, आणि मग चूक अनुवादातली की मुळातली हे कळत नाही. अशा वेळी कमांडच्या अगोदर 'एलसी_ऑल=सी' लिहा, म्हणजे मूळ इंग्रजी समोर येईल. चूक अनुवादात निघाली तर रस्ता वेगळा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

वर्णनाची मांडणी ठरलेली आहे. पहिली ओळ म्हणजे सारांश. तो ८० अक्षरांच्या आत असावा, त्याची सुरुवात 'ए', 'ॲन', 'द' यांनी होऊ नये आणि शेवटी पूर्णविराम नसावा, असा डेबियनचा संकेत आहे. त्यामुळे सारांश लहान लिपीतल्या अक्षरानं सुरू झालेला आणि पूर्णविरामाशिवाय संपलेला दिसला तर ती चूक समजू नका. नवखे लोक उत्साहानं सर्वप्रथम तिथेच कॅपिटल अक्षर आणि टिंब घालायला जातात. खालच्या विस्तृत वर्णनात मात्र पूर्ण वाक्यं असतात. तिथली प्रत्येक ओळ एका मोकळ्या जागेनं सुरू होते, आणि परिच्छेदांच्या मधल्या रिकाम्या ओळीत एक मोकळी जागा आणि एक टिंब असतं. ते टिंब निरर्थक वाटतं, पण ते काढलं तर फायलीची रचनाच मोडते.

ही खरंच चूक आहे का?

काही चुकांबद्दल शंका घेण्याचं कारण नसतं. 'सेपरेट' या शब्दात 'पी' नंतर 'ए' हवा, तिथे 'ई' पडतो. 'ऑकर्ड'मध्ये दोन 'सी' आणि दोन 'आर' हवेत, त्यातला एखादा गळतो. 'डिपेन्डन्सी'च्या शेवटच्या भागात 'ई' च्या जागी 'ए' येतो. 'लायब्ररी'तला पहिला 'आर' हरवतो. 'द द' किंवा 'टू टू' असा एकच शब्द दोनदा पडतो, आणि पहिला ओळीच्या शेवटी, दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असला तर तो वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही. 'इट्स'मधली अपॉस्ट्रॉफी मालकी दाखवताना लागत नाही, तरी लावलेली असते.

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लेखकांची एक ठळक खूण म्हणजे 'अलाऊज टू' आणि लगेच क्रियापद. इंग्रजीत तिथे मध्ये कर्म लागतं: कोणाला करू देतं? फ्रेंच-जर्मन वळणातून हे वाक्य येतं, आणि आपणही मराठीतून विचार करत लिहिताना ते सहज लिहून जातो. डेबियनचं तपासणी साधन लिंटियनसुद्धा हा प्रयोग चूक म्हणून पकडतं आणि मधे 'वन' घालायला सुचवतं.

आता ज्या गोष्टींना हात लावायचा नाही त्या. 'कलर'मध्ये 'यू' असला काय, नसला काय, दोन्ही बरोबर. ब्रिटिश लेखनाचं अमेरिकी करणं ही दुरुस्ती नव्हे. शाळेत आपण ब्रिटिश वळण शिकलो म्हणून अमेरिकी स्पेलिंग खटकतं, पण ते तसंच राहू द्यावं. एकाच वर्णनात दोन्ही पद्धती मिसळल्या असतील तर मात्र जरूर कळवा.

दुसरं, तंत्रज्ञानातली काही 'चुकीची' स्पेलिंगं आता नियम बनली आहेत. वेब पान मागताना ब्राउझर आधीच्या पानाचा पत्ता ज्या नावानं पाठवतो त्या 'रेफरर' हेडरच्या स्पेलिंगमध्ये मधला एक 'आर' कमी आहे. १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ते तसंच छापलं गेलं, आणि आज जगभरचे ब्राउझर आणि सर्व्हर तेच स्पेलिंग वापरतात. ते 'सुधारलं' तर वर्णन चुकीचं होईल. युनिक्समधल्या फाइल तयार करणाऱ्या 'क्रिएट' कॉलच्या शेवटी 'ई' नाही, तोही तसाच ठेवायचा. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक केन थॉम्पसन यांना युनिक्स नव्यानं घडवताना काय बदलाल असं विचारलं असता त्यांनी याच 'ई'चं नाव घेतलं होतं. तरी तो कॉल आजही 'ई'विना आहे.

तिसरं, विशेषनामं. 'पोस्टग्रेएसक्यूएल', 'जावास्क्रिप्ट', 'ओपनस्ट्रीटमॅप' यांत कोणतं अक्षर मोठं हे ज्या त्या प्रकल्पानं ठरवलेलं आहे. शंका असेल तर त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या मुखपृष्ठावर पाहा, शब्दकोशात नको.

अजून शिल्लक आहे का?

तुमच्या संगणकावर डेबियनची स्टेबल आवृत्ती असेल तर तुम्ही वाचताय तो मजकूर एक-दोन वर्षांपूर्वी गोठवलेला आहे. स्टेबलमध्ये सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या जातात, स्पेलिंगच्या नाहीत. त्यामुळे कळवण्याआधी ते पॅकेज 'अनस्टेबल'मध्ये, म्हणजे नवे बदल आधी येतात त्या सिड नावाच्या शाखेत, आज कसं आहे ते पाहायला हवं. 'पॅकेजेस डॉट डेबियन डॉट ऑर्ग'वर पॅकेजचं नाव टाकलं की प्रत्येक शाखेतलं वर्णन वाचता येतं. सिडमध्ये चूक दुरुस्त झालेली असेल तर तुमचं काम तिथेच संपलं.

मग त्या पॅकेजच्या बगची, म्हणजे कळवलेल्या दोषांची, यादी चाळा. हे कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. तीच चूक आधीच कोणी कळवलेली असेल, आणि तिच्यावर 'पेंडिंग' अशी खूण असेल तर मेंटेनरनं दुरुस्ती करून ठेवली आहे, फक्त पुढच्या अपलोडची वाट आहे. दुसरी तक्रार टाकली तर त्याला ती जुन्या तक्रारीशी जोडत बसावं लागतं.

वाक्य राहतं कुठे?

आता मुख्य भाग. पॅकेजचा मूळ स्रोत उतरवून घ्या: 'एपीटी सोर्स' आणि पुढे पॅकेजचं नाव. ही कमांड चालत नसेल तर रेपोच्या, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरतात त्या साठ्यांच्या, यादीत स्रोताची नोंद नाही असं समजा. 'डॉट सोर्सेस' प्रकारच्या नव्या मांडणीच्या फायलीत 'टाइप्स' या ओळीत 'डेब'च्या पुढे 'डेब-एसआरसी' लिहायचं आणि 'एपीटी अपडेट' चालवायचं. जुन्या मांडणीत 'डेब-एसआरसी'नं सुरू होणारी स्वतंत्र ओळ लागते.

उतरलेल्या फोल्डरमध्ये 'डेबियन' नावाचं उपफोल्डर असतं आणि त्यात 'कंट्रोल' नावाची फाइल. बहुतेक वेळा वर्णन इथेच असतं. एका स्रोतातून अनेक पॅकेजेस बनत असतील तर प्रत्येकाचं वर्णन या एकाच फायलीत एकाखाली एक असतं, आणि त्यातला पहिला परिच्छेद बऱ्याचदा सगळीकडे सारखाच चिकटवलेला असतो. म्हणजे चूक एका ठिकाणी दिसली तरी ती पाच ठिकाणी असू शकते. चुकीचा शब्द 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या कमांडनं संपूर्ण फोल्डरमध्ये शोधा. हा एक शोध पुढची पुष्कळ धावपळ वाचवतो.

त्या शोधात 'कंट्रोल डॉट इन' नावाची फाइल निघाली तर सावध व्हा. अशा पॅकेजमध्ये 'कंट्रोल' ही फाइल हातानं लिहिलेली नसते, ती 'कंट्रोल डॉट इन'मधून तयार होते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या अनेक जोड-पॅकेजेसमध्ये ही पद्धत आहे, कारण डेटाबेसची आवृत्ती बदलली की पॅकेजचं नावही बदलावं लागतं. लिनक्स कर्नलच्या पॅकेजमध्येही कंट्रोल फाइल साच्यांमधून घडते. फक्त 'कंट्रोल' सुधारलीत तर पुढच्या वेळी फाइल नव्यानं तयार होताना चूक जशीच्या तशी परत येईल. दुरुस्ती साच्यात झाली पाहिजे.

कधी कंट्रोल फायलीत वर्णनाच्या जागी वाक्यंच नसतात. डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंसात काहीतरी नाव असतं. हॅस्केल भाषेतल्या लायब्रऱ्यांच्या पॅकेजेसमध्ये हे दिसतं. तिथे सारांश आणि वर्णन मूळ लेखकाच्या 'कबाल' फायलीतून पॅकेज बांधताना आपोआप उचललं जातं. मग दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे, म्हणजे ज्याला आपण अपस्ट्रीम म्हणतो तिकडे पाठवायची. डेबियनमध्ये कळवायचंच असेल तर अपस्ट्रीमला कळवल्याचा दुवा सोबत द्यावा.

पर्लच्या मॉड्यूलांची गोष्ट मधली आहे. त्यांची पॅकेजेस बनवायला एक साधन वापरलं जातं, ते मॉड्यूलच्या दस्तऐवजातून वर्णन उचलून कंट्रोल फायलीत ठेवतं. पण ते एकदाच उचललं जातं. नंतर तो मजकूर डेबियनचा होतो. इथे चूक दोन्हीकडे असते आणि दोन्हीकडे कळवावी लागते.

आणि ग्नोम सॉफ्टवेअरसारख्या चित्रमय दुकानात चूक दिसली असेल, तर ती बहुधा कंट्रोल फायलीत नसतेच. ते दुकान ॲपस्ट्रीम नावाच्या पद्धतीतली माहिती दाखवतं, आणि ती 'मेटाइन्फो' फाइल मूळ प्रकल्पात असते. म्हणून चूक कुठल्या खिडकीत दिसली हे विसरू नका, तोच पहिला सुगावा असतो.

एक अक्षर आणि पंधरा अनुवाद

या भागाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

डेबियनची पॅकेज-वर्णनं अनेक भाषांमध्ये अनुवादित होतात. त्यासाठी डीडीटीपी नावाचा स्वतंत्र प्रकल्प आहे. अनुवाद मूळ वर्णनाशी जोडला जातो तो वर्णनाच्या एमडी५ ठशावरून, म्हणजे मजकुरातून गणितानं काढलेल्या ओळख-क्रमांकावरून. मूळ मजकुरातलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो, आणि जुना अनुवाद त्या वर्णनाचा राहत नाही. प्रकल्पात परिच्छेद वेगवेगळे साठवलेले असल्यामुळे न बदललेले परिच्छेद पुन्हा वापरता येतात, पण बदललेला परिच्छेद प्रत्येक भाषेतल्या अनुवादकाला पुन्हा पाहावा लागतो. तोवर त्या भाषेच्या वापरकर्त्याला इंग्रजी दिसतं.

याचा अर्थ दुरुस्ती करू नये असा नाही. पण एकदाच करावी. आज एक स्पेलिंग, पुढच्या महिन्यात त्याच परिच्छेदातला स्वल्पविराम, नंतर कॅपिटल अक्षर, असं तुकड्यातुकड्यानं पाठवलं तर प्रत्येक वेळी सगळ्या अनुवादकांना तोच परिच्छेद उघडावा लागतो. चूक सापडली की थांबा आणि त्या पॅकेजचं अख्खं वर्णन पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचा. जिथे एक चूक आहे तिथे दुसरी असण्याची शक्यता जास्त. सगळं एकत्र करून एकदाच कळवा. केवळ आवडीनिवडीचे बदल, म्हणजे चालणाऱ्या वाक्याच्या जागी अधिक सुंदर वाक्य, ते सोडून द्या.

वर्णन इतकं बिघडलेलं असेल की एका-दोन शब्दांनी भागणार नाही, तर डेबियनची इंग्रजी मजकूर तपासणारी एक मेलिंग लिस्ट आहे, 'डेबियन-एल१०एन-इंग्लिश'. वर्णन तिथे टाका, जाणकार लोक ओळ न ओळ सुधारून देतात. ते वाचून इंग्रजीबद्दल जे शिकायला मिळतं ते वेगळंच.

आणि चूक अनुवादातच असेल, तर ती मेंटेनरकडे न्यायची नाही. डीडीटीपीच्या वेबवरच्या व्यवस्थेत त्या भाषेखाली ती सुधारता येते.

पॅच

मूळ फायलीची प्रत ठेवा, दुसऱ्या प्रतीत दुरुस्ती करा, आणि 'डिफ -यू' चालवून दोन्हींतला फरक एका फायलीत साठवा. काढलेल्या ओळीपुढे वजाचं चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिकचं. हाच तुमचा पॅच. मेंटेनर तो वाचतो तेव्हा त्याला एका नजरेत कळलं पाहिजे की नेमकं काय बदललं.

म्हणून परिच्छेदाच्या ओळी पुन्हा मोडून सारख्या लांबीच्या करू नका. एक अक्षर वाढल्यानं ओळ थोडी लांबली तर लांबू द्या. ओळी नव्यानं मोडल्या की परिच्छेदाच्या सगळ्याच ओळी बदललेल्या दिसतात, आणि खरी दुरुस्ती त्यांत हरवते. मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम (एडिटर) ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा आपोआप काढत असेल तर ती सोय तेवढ्यापुरती बंद करा.

त्याच 'डेबियन' फोल्डरमध्ये दोन फायली आहेत ज्यांत चुका दिसल्या तरी थांबायचं. 'कॉपीराइट' फायलीतला परवान्याचा मजकूर अक्षरशः मूळ परवान्याप्रमाणे असावा लागतो. तो कायद्याचा मजकूर आहे, त्यात चूक असली तरी ती चूक मूळ परवान्याची. आणि 'चेंजलॉग'मधल्या, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतल्या, जुन्या नोंदी हा इतिहास आहे, त्या वेळी जे लिहिलं गेलं ते तसंच राहतं.

कळवायचं कसं

दोन रस्ते आहेत. पहिला, 'रिपोर्टबग' हा प्रोग्रॅम. पॅकेजचं नाव देऊन तो चालवा. पहिल्या वेळी तुमचं नाव, ईमेल आणि अनुभवाची पातळी विचारेल. 'नॉव्हिस' निवडायला संकोच नको. मग तो आधीच्या तक्रारींची यादी दाखवतो, विषय विचारतो, मजकूर लिहायला खिडकी उघडतो. खाली तुमच्या संगणकाची माहिती आपोआप जोडली जाते. स्पेलिंगच्या तक्रारीला ती लागत नाही, काढून टाकली तरी चालते.

रिपोर्टबग वापरायचा नसेल तर साधा ईमेल 'सबमिट ॲट बग्ज डॉट डेबियन डॉट ऑर्ग' या पत्त्यावर पाठवता येतो. ईमेल निव्वळ मजकुराच्या स्वरूपात असावा, रंगीत-सजवलेला नको. अगदी सुरुवातीला इंग्रजीत अशा ओळी लागतात:

पॅकेज: पॅकेजचं नाव
व्हर्जन: सिडमधली आवृत्ती
सिव्हेरिटी: मायनर
टॅग्ज: पॅच

मग एक रिकामी ओळ आणि त्याखाली मजकूर. 'मायनर' ही पातळी पॅकेजच्या उपयोगाला बाधा न आणणाऱ्या आणि सोप्या दुरुस्तीच्या दोषांसाठीच ठेवलेली आहे. चूक कितीही टोचत असली तरी याहून वरची पातळी लावू नका. 'पॅच' हा टॅग मात्र तेव्हाच, जेव्हा पॅच खरोखर जोडलेला असेल. पॅच मजकुरात चिकटवण्यापेक्षा जोडपत्र म्हणून द्या, कारण बऱ्याच ईमेल सेवा लांब ओळी मोडतात आणि मग पॅच लागू होत नाही.

मजकूर तीन-चार वाक्यांचा पुरे. कोणत्या पॅकेजच्या वर्णनात, कोणत्या शब्दाऐवजी कोणता हवा, पॅच सोबत आहे, आणि पॅकेज सांभाळल्याबद्दल आभार. माफी मागू नका, इंग्रजी कच्चं असल्याची प्रस्तावना नको, आणि मेंटेनरला स्पेलिंगचा नियमही शिकवू नका. शब्द वादग्रस्त असेल तरच शब्दकोशाचा दाखला द्या. हेही ध्यानात असू द्या की तुमचं नाव आणि ईमेल पत्ता कायमचा जाहीर राहतो. तो चालणार नसेल तर या कामासाठी वेगळा पत्ता काढा.

दुसरा रस्ता साल्सा. हा डेबियनचा स्वतःचा गिटलॅब सर्व्हर, म्हणजे पॅकेजेसचा स्रोत ठेवण्याची आणि त्यात बदल सुचवण्याची जागा. 'एपीटी शोएसआरसी'च्या उत्तरात 'व्हीसीएस-गिट' अशी ओळ असते, तिच्यात पॅकेजच्या रेपोचा पत्ता मिळतो. खातं उघडा, मंजुरी मिळायला थोडा वेळ लागू शकतो. मग रेपोचा फोर्क (स्वतःची प्रत) काढून, वेगळ्या ब्रँचवर (फाट्यावर) दुरुस्ती करून मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे ती सामावून घेण्याची विनंती, पाठवा. कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात कोणती फाइल आणि काय दुरुस्त केलं हे एका ओळीत लिहा. चेंजलॉगला सहसा हात लावू नका. अनेक टीम कमिटच्या संदेशांवरूनच चेंजलॉग तयार करतात, आणि तुमची वेगळी नोंद तिथे अडचण करते. रेपोतले आधीचे चार-सहा कमिट वाचले की त्या टीमची रीत कळते.

दोन्हींतलं कोणतं निवडावं? टीमच्या रेपोत अलीकडे मर्ज रिक्वेस्ट स्वीकारलेल्या दिसत असतील तर साल्सा सोयीचं. नसतील तर बग नोंदवाच, कारण सगळे मेंटेनर साल्सावरच्या सूचना पाहत नाहीत, बगची नोंद मात्र त्यांच्यापर्यंत पोचते. दोन्ही केलंत तर एकात दुसऱ्याचा दुवा द्या.

साधनं वापरा, पण डोळे उघडे ठेवून

चुका हुडकायला साधनं आहेत. 'एपीटी डाउनलोड'नं पॅकेज उतरवून त्यावर लिंटियन चालवा. १९९८ पासून डेबियनमध्ये असलेलं हे साधन वर्णनातल्या ओळखीच्या चुका, दोनदा पडलेले शब्द, विशेषनामांतली चुकलेली कॅपिटल अक्षरं दाखवतं. '-आय' (कॅपिटल 'आय', लहान नव्हे) हा पर्याय दिला की कमी महत्त्वाच्या खुणाही दिसतात. 'कोडस्पेल' हे दुसरं साधन. त्याची यादी विकिपीडियावरच्या नेहमीच्या चुकांच्या यादीतून वाढत गेली. दोन्ही साधनं सामान्य शब्दकोश वापरत नाहीत, फक्त ठाऊक असलेल्या चुका ओळखतात. म्हणून ती अनोळखी तांत्रिक शब्दांवर उगाच आरडाओरडा करत नाहीत, आणि म्हणूनच नवी, वेगळी चूक त्यांच्या नजरेतून सुटते. बरोबर स्पेलिंगचा पण चुकीच्या जागी पडलेला शब्द तर त्यांना दिसणारच नाही. तो वाचणाऱ्या माणसालाच दिसतो.

साधन हाताशी आलं की मोह होतो: हजारो पॅकेजेसवर चालवावं आणि एका रात्रीत शेकडो तक्रारी पाठवाव्यात. हे करू नका. एकाच प्रकारच्या दहाहून अधिक तक्रारी एकदम टाकायच्या असतील तर आधी 'डेबियन-डेव्हेल' या मेलिंग लिस्टवर विचारावं, असा डेबियनचा स्पष्ट संकेत आहे. तपासून न पाहता पाठवलेल्या यंत्राच्या यादीत 'रेफरर' आणि 'क्रिएट'सारखी नावं शिरतात, आणि मग तुमच्या खऱ्या दुरुस्त्याही कोणी वाचत नाही.

सुरुवात तुम्हाला ज्या विषयातलं कळतं तिथून करा. संगीत येत असेल तर संगीताची पॅकेजेस, खगोलशास्त्र आवडत असेल तर ती. मराठी वाचकाला तर घरचीच पॅकेजेस आहेत: 'टास्क-मराठी', 'फॉन्ट्स-लोहित-देवा', 'फॉन्ट्स-देवा', 'एस्पेल-एमआर'. आपल्या लिपीबद्दल आणि भाषेबद्दल तिथे इंग्रजीत काय लिहिलं आहे ते बारकाईनं वाचा. लिपीचं नाव आणि भाषेचं नाव यांची सरमिसळ कुठे दिसली, तर ती स्पेलिंग तपासणाऱ्या कुठल्याही साधनाला सापडणारी नाही, तुम्हाला सापडेल, आणि कळवण्याची पद्धत तीच.

पाठवल्यानंतर

थोड्याच वेळात बगचा क्रमांक असलेला ईमेल येईल. तो जपून ठेवा. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या क्रमांकाच्या पत्त्यावर होतो. ईमेलवरच विसंबून न राहता बगचं पान अधूनमधून उघडून पाहा.

मग बहुधा शांतता. त्यात कोणाचा अनादर नसतो. केवळ एका स्पेलिंगसाठी कोणी पॅकेज पुन्हा अपलोड करत नाही. मेंटेनर दुरुस्ती बाजूला ठेवतो आणि नवी आवृत्ती आली की तिच्याबरोबर पाठवतो. काही पॅकेजेसना वर्षभरात एकदाच हात लागतो. नवी डेबियन आवृत्ती यायच्या आधीचे काही महिने 'फ्रीझ' असतो, त्या काळात तर अशा दुरुस्त्यांची अपेक्षाच ठेवू नये. दोन-तीन महिन्यांनी एकदा नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

पॅकेजच्या 'मेंटेनर' या ओळीत 'डेबियन क्यूए ग्रुप' असेल तर ते पॅकेज अनाथ आहे, त्याला कोणी वाली नाही. अशा ठिकाणी तुमचा पॅच जास्त काळ पडून राहू शकतो. पण अनाथ पॅकेजची दुरुस्ती करून अपलोड करायला कोणाच्या परवानगीची गरज नसते. अपलोडचा अधिकार असलेला कोणीही डेव्हलपर ती करू शकतो. नवखे लोक पॅकेजिंग शिकतात ते बऱ्याचदा अशाच पॅकेजेसवर, आणि वर्णनातल्या दुरुस्त्या तेव्हा सोबत जातात. पॅच तयार असला की त्यांचं काम सोपं होतं.

दुरुस्ती झाली की बग बंद झाल्याचा ईमेल येतो आणि त्यात चेंजलॉगची नोंद असते. बहुतेक मेंटेनर तिथे कळवणाऱ्याचं नाव लिहितात. सिडमधून काही दिवसांनी ते पॅकेज 'टेस्टिंग' शाखेत उतरतं आणि तिथून पुढच्या स्टेबलमध्ये जातं.

तुम्ही उबंटू वापरत असाल आणि चूक तिथे दिसली असेल, तर आधी आवृत्तीचा क्रमांक वाचा. त्यात 'उबंटू' हा शब्द असेल तर ते पॅकेज उबंटूनं बदललेलं आहे, म्हणून वर्णन डेबियनच्या वर्णनाशी ताडून पाहा. चूक फक्त उबंटूत असेल तर ती लाँचपॅडवर, म्हणजे उबंटूच्या तक्रारी नोंदवण्याच्या ठिकाणी, कळवायची. दोन्हीकडे असेल, किंवा क्रमांकात तो शब्दच नसेल, तर सरळ डेबियनमध्ये कळवा. उबंटूच्या पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती तिथूनच येईल.